मन्न-सलवा आणि कांदा-मसूर

मागच्या रमजानात आमच्या लोणावळ्याच्या घरात, स्वयंपाकघराच्या फळीवर दोन डबे शेजारी शेजारी उभे होते. एक अम्माचा. पौषाच्या थंडीत अम्माला पक्षाघाताचा झटका आला, उजवे अंग गेले आणि गिळण्याची शक्तीही गेली. तेव्हापासून नाकातून घातलेल्या नळीवाटे दर अडीच-तीन तासांनी तिला पाण्यात कालवलेली पावडर दिली जात होती. दुसरा डबा आमच्या धाकट्याचा. तो हिंजवडीत संगणकाच्या नोकरीत आहे, आठवड्यातून चार दिवस तरी द्रुतगती मार्गावरून ये-जा करतो. त्याच्या डब्यावरही साधारण तेच लिहिलेले. प्रथिने इतकी, स्निग्ध पदार्थ इतके, सत्तावीस जीवनसत्त्वे नि खनिजे, आणि खाली ठळक अक्षरांत, की हे एक परिपूर्ण जेवण आहे.

पहिल्या रोज्याच्या सेहरीला आम्ही सारे दस्तरखानावर बसलो. तांदळाची भाकरी, रात्रीचे कालवण, दही. धाकटा उभ्यानेच आला. दोन चमचे पावडर बाटलीत घातली, पाणी ओतले, खडखड हलवली, प्याला आणि फज्रच्या अजानपर्यंत पाठ टेकायला गेला. मिनिटेही दोन लागली नसतील. तिकडे अम्माच्या खोलीत सून नळीतून तशीच पावडर सोडत होती. एकाला खाता येत नाही म्हणून आणि दुसऱ्याला खायचे नाही म्हणून, एकाच घरात, एकाच वेळी, तेच अन्न चालले होते. हे पाहून आमच्या घशात घास अडला. का अडला, हे मात्र त्या वेळी आम्हाला धड सांगता आले नाही.

मुलाशी वाद झाला. तो भांडखोर नाही, हिशेबी आहे. तो म्हणाला, "अब्बा, पोट भरते, पोषण मिळते, तहान कमी लागते. मग जेवणात अजून काय असते?" त्याच्याकडूनच आम्हाला कळले की २०१३ साली अमेरिकेत रॉब राइनहार्ट नावाच्या एका तरुण अभियंत्याने महिनाभर नेहमीचे जेवण सोडून स्वतः मिसळलेल्या पावडरीवर राहून पाहिले आणि पुढे तिचा कारखानाच उभा राहिला. सॉयलेंट हे त्या पावडरीचे नाव. ते हॅरी हॅरिसनच्या १९६६ च्या एका कादंबरीतून घेतलेले. तिथे ते सोयाबीन आणि मसूर या दोन शब्दांना जोडून झाले आहे. (१९७३ साली त्या कादंबरीवरून निघालेल्या चित्रपटात त्या वड्या माणसांच्या प्रेतांच्या निघतात, हे नाव ठेवणाऱ्याला ठाऊक असणारच. विनोदाची जात ज्याची त्याची.) मसूर हा शब्द मात्र आमच्या डोक्यात राहिला. त्याकडे आम्ही पुढे येऊ.

आम्ही मुलाला बरकतीवर बोललो, घरच्यांनी एकत्र बसण्यावर बोललो. इमाम गझाली यांनी 'इह्या'च्या चाळीस भागांपैकी एक पुरा भाग जेवणाच्या अदबीला दिला आहे, हेही सांगितले. इतक्यात मोठी सून आतून आली. ती फार बोलत नाही. म्हणाली, "अब्बा, तुम्ही म्हणता ती दस्तरखानाची बरकत माझ्या पाठीतून येते. मी तीनला उठते. भाऊजींनी ती पावडर घेतली की माझ्या दोन भाकऱ्या वाचतात."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. जेवणाचे गोडवे गाणारे बहुतेक जण वाढून घेणारे असतात. आमचेही तसेच. चाळीस वर्षे आम्ही शाळेत मराठी शिकवले, बहिणाबाईंची चूल आणि हाताचे चटके मुलांना समजावून सांगितले, पण स्वतःच्या घरात पीठ कुठल्या डब्यात असते हे आम्हाला माहीत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून सदुसष्टाव्या वर्षी आम्ही भाकरी थापायला शिकू लागलो. पहिल्या आठवड्यातल्या भाकऱ्यांविषयी न लिहिलेले बरे. पण हे केल्यावाचून या विषयावर बोलण्याचा आम्हाला हक्क नव्हता, एवढे नक्की.

शिवाय जेवणाऐवजी काहीतरी तोंडात टाकून काम भागवणे हे काही अमेरिकेने शोधलेले नाही. आमचे लोणावळे तर त्यावरच नावारूपाला आले. बोरघाटाचा लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. काम ऐन भरात असताना घाटात चाळीस हजारांवर मजूर राबत होते. त्या मजुरांसाठी शेंगदाणे, गूळ आणि तुपाची गुडदाणी विकली जाऊ लागली आणि तिचीच पुढे चिक्की झाली, असे गावात सांगतात. पर्यटक आज ती खोक्यात भरून नेतात, पण मुळात ती ज्याला चूल मांडायला ना वेळ होता ना जागा, त्याची शिदोरी होती. आणि गंमत पाहा. आंद्रे ब्रिआँ या फ्रेंच बालरोगतज्ज्ञाने १९९६ च्या सुमारास तीव्र कुपोषित मुलांसाठी 'प्लंपीनट' नावाचा जो लगदा तयार केला, तो शेंगदाणे, साखर, तेल, दुधाची भुकटी आणि वरून जीवनसत्त्वे-खनिजे यांचा. आमच्या चिक्कीची ती मावसबहीणच. ९२ ग्रॅमच्या एका पुडीत ५०० कॅलरी. पाणी घालायचे नाही, शिजवायचे नाही, त्यामुळे घाण पाण्याची भीती नाही. आफ्रिकेतल्या दुष्काळांत तिने असंख्य लेकरे वाचवली. २००७ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून अशा मुलांवर त्यांच्या घरीच या अन्नाने उपचार करण्याची शिफारस केली. मरणाच्या दारातले मूल उठून बसत असेल, तर त्याच्या आईला दस्तरखानाचे तत्त्वज्ञान सांगणाऱ्याला आम्ही दारातही उभे करणार नाही. आमच्या अम्मालाही त्या नळीनेच जगवले.

म्हणजे औषध म्हणून पावडर, याला आमची हरकत नाही. प्रश्न औषधाचे जेवण होते तेव्हाचा आहे.

हा प्रश्न आमच्यापुढे अचानक एका व्यवहारी रूपात आला. अम्माचे रोजे. तिने नव्वदीच्या जवळ येईतो एक रोजा चुकवला नव्हता. आजाऱ्याला रोजा माफ आहे. बरे झाल्यावर तो भरून काढायचा, आणि बरे होण्याची आशा नसेल तर प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचे, म्हणजे फिदिया द्यायचा. आमच्या आपाने प्रथम नकारच दिला. फिदिया देणे म्हणजे अम्मा आता उठणार नाही असे कबूल करणे, असे तिचे म्हणणे. चार दिवस तिने कुणाशी धड बोलणे केले नाही. शेवटी तीच मौलानांना विचारून आली. हिशेब सोपा होता. एका रोज्याला पावणेदोन किलोच्या आसपास गहू किंवा त्याची किंमत.

धाकट्याने तेव्हा विचारले, आणि थट्टेने नव्हे, की गव्हाऐवजी माझ्या डब्यातली पावडर दिली तर चालेल का? गव्हात नसलेले कितीतरी तिच्यात आहे, किंमतही जास्त आहे.

मौलाना तरुण आहेत, हसले नाहीत. त्यांनी फिदियाचे न बोलता कफ्फाऱ्याची आठवण दिली. शपथ मोडली तर दहा गरिबांना जेवू घालावे असा सूरह माइदामध्ये आदेश आहे, आणि ते जेवण कसे असावे याचे मापही तिथेच दिले आहे. तुम्ही आपल्या घरच्यांना जे खाऊ घालता, त्यातले मध्यम प्रतीचे. मौलाना म्हणाले, "तुमच्या घरी सगळे हेच खातात का? खात असाल तर द्या."

आम्ही आलिम नाही. शरियतीचा बारकावा मौलानांनी पाहावा. पण हे माप आम्हाला फार मोठे वाटले. किती ग्रॅम, किती कॅलरी, असे ते सांगत नाही. देणाऱ्याच्या घरात डोकावून पाहा, असे सांगते. गरिबाच्या ताटातले आणि तुमच्या लेकरांच्या ताटातले यांत नाते असले पाहिजे.

हे माप घेऊन आपल्या राज्याच्या कारभाराकडे पाहावे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला शिजवलेले दुपारचे जेवण मिळाले पाहिजे, किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षातून किमान २०० दिवस. आकडे सारे विसरतील, 'शिजवलेले' हा शब्द महत्त्वाचा होता. त्या शब्दावरच पुढे हल्ले झाले. २००७ साली बिस्किटे बनवणाऱ्यांच्या संघटनेने खासदारांना पत्रे धाडली, की खिचडीऐवजी बिस्किटांचा पुडा द्या. तो स्वच्छ, मोजलेला, जीवनसत्त्वे घातलेला. कित्येक खासदारांना ते पटलेही. अमर्त्य सेन, ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी विरोध केला, राज्यांनीही मान हलवली नाही, म्हणून ते टळले. अंगणवाडीतल्या सर्वांत लहान मुलांचे मात्र टळले नाही. शिरा, उपमा, सुकडी यांची तयार पिठे पाकिटांतून घरोघर दिली गेली. ती जनावरांच्या पुढ्यात गेल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या. २००४ साली न्यायालयाने अंगणवाडीच्या आहारातून ठेकेदार हटवा म्हटले होते. तरी २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच न्यायालयाला महाराष्ट्राच्या निविदाच रद्द कराव्या लागल्या, कारण त्यांच्या अटी बचत गटांना बाजूला सारून मोठ्यांच्या सोयीच्या होत्या. पाकिटावरचे आकडे खोटे होते असे आमचे म्हणणे नाही. ज्यांनी ती पाकिटे मंजूर केली, त्यांच्या नातवंडांच्या वाटीत ती कधी पडली असतील का, एवढेच आम्ही विचारतो.

याच महाराष्ट्राने याच्या उलटही करून दाखवले, हे सांगितले पाहिजे. २०१५ साली आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी दिवसातून एक वेळचे गरम, चौरस जेवण सुरू झाले. भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, पालेभाजी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू, अंडे. पाकीट घरी गेले की ते सगळ्या घरात वाटले जाते आणि बाईच्या वाट्याला शेवटची चिमूट येते. म्हणून तिने अंगणवाडीत यावे, बसावे आणि जेवावे. कुणीतरी तिला वाढावे. ज्या बाईला घरात कुणी कधी वाढले नाही, तिला वाढावे! या योजनेला नाव दिले ते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे. मुसलमानाचे नाव म्हणून आम्हाला त्याचे अप्रूप आहेच, खोटे कशाला बोला. पण हे नाव तिथे शोभते याचे कारण वेगळे आहे.

ते कारण सांगण्याआधी पंगतीची काळी बाजू सांगायला हवी. आमचे वडील पवन मावळातल्या एका गावाचे मुलाणी. गावच्या जत्रेत बकरे हलाल करायचे ते त्यांनी, आणि त्या बदल्यात मटणाचा वाटा आणि खळ्यावर भाताच्या पेंढ्या मिळायच्या. तेव्हा तो आंबेमोहोर असे. आता आमच्याकडे इंद्रायणी पिकतो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार होऊन १९८७ साली तो शेतकऱ्यांच्या हाती आला, आणि ते वाण आंबेमोहोराचेच लेकरू आहे. गावाचे पोट आमच्या वडिलांच्या सुरीशी असे जोडलेले होते. पण लग्नाच्या पंगतीत त्यांचे पान वेगळे, गोठ्याच्या बाजूला मांडलेले. चहाची कपबशी वेगळी, ती वळचणीला खोचलेली. त्यांनी कधी तक्रार केली नाही. आम्ही लहानपणी एकदा ती कपबशी फोडली, तेव्हा त्यांनी आम्हाला मारले, हे आठवते. आम्हीही काही वेगळे नव्हतो. भंगी मोहल्ल्यातून आलेले ताट आमच्या मोहल्ल्यातल्या कितीजणांनी आनंदाने घेतले असते? पंगत माणसे जोडते हे अर्धेच खरे. तीच तोडतेही.

इथे डबा पुढे येऊन म्हणू शकतो की माझ्यात कुणाचा हात नाही, विटाळ नाही, चूल नाही, जात नाही. आजही कुठे शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या जातीवरून पालक मुलांना जेवू देत नाहीत. पुडे वाटा, भांडण मिटले! हा युक्तिवाद हलका नाही. ज्याच्या वडिलांची कपबशी वळचणीला होती, त्याला तर तो मोहात पाडतोच.

पण कलामसाहेबांच्या आत्मचरित्रातला तो प्रसंग आठवा. रामेश्वरमच्या शाळेतले त्यांचे विज्ञानाचे शिक्षक शिवसुब्रमण्य अय्यर यांनी या मुसलमान मुलाला घरी जेवायला बोलावले. त्यांची पत्नी हादरून गेली. आपल्या सोवळ्या स्वयंपाकघरात ती त्याला वाढीना. अय्यर रागावले नाहीत. त्यांनी स्वतःच्या हाताने वाढले आणि त्याच्या शेजारी बसून ते जेवले. बाई दाराआडून पाहत राहिली. निघताना अय्यरांनी पुढच्या आठवड्याला पुन्हा ये म्हणून सांगितले. दुसऱ्या खेपेला तीच बाई त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि तिने स्वतः वाढले.

त्या दिवशी अय्यरांनी मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवला असता तर पहिले भांडण झाले नसते. पण दुसरे आमंत्रणही झाले नसते. विटाळ जिथे असतो तिथेच तो मोडावा लागतो. डबा तो मोडत नाही, त्याला वळसा घालून जातो.

आता मसूर. धाकट्याचा वाद आम्ही मनातल्या मनात बहुधा जिंकत आणला होता, तोच तराबीहला सूरह बकराची तिलावत चालू असताना आम्ही अडखळलो. बनी इस्राईल रानात भटकत होते, तेव्हा त्यांना आकाशातून मन्न आणि सलवा मिळत असे. शिजवण्या-पेरण्याचे कष्ट नाहीत, थेट अल्लाहने पाठवलेले रिज्क. याहून परिपूर्ण अन्न कोणते? आणि ते लोक हजरत मूसांना म्हणाले, की एकाच प्रकारच्या अन्नावर आम्ही राहू शकत नाही, आम्हाला जमिनीतून उगवणारे हवे. भाजीपाला, काकडी, मसूर, कांदा, आणि 'फूम', ज्याचा अर्थ काही भाष्यकार लसूण करतात आणि काही गहू. त्यावर त्यांची कानउघाडणी झाली, की चांगले सोडून हलके मागता काय? जा, कुठल्याही नगरात उतरा, मागता ते तिथे मिळेल.

म्हणजे कुराण धाकट्याच्या बाजूने की काय! दोन रात्री आम्ही याचा विचार करत होतो. भाष्यकार याला कृतघ्नता म्हणतात आणि ती होतीच. आम्ही सुधारलेला अर्थ लावायला निघालेलो नाही. भुकेच्या रानात जे वाचवते त्याला नाक मुरडणारा माणूस कृतघ्नच. नळीला नावे ठेवणारे आम्हीही त्यात आलो. पण एक गोष्ट आमच्या लक्षात आली. त्यांची मागणी हिणवली गेली, तरी फेटाळली गेली नाही. कांदा-मसूर हवा तर नगरात जा, म्हणजे जिथे माणसे राहतात, पेरतात, विकतात, भांडतात तिथे जा. मन्न रानातले अन्न, कांदा वस्तीतला. आणि त्याच कुराणात, ज्या सूरहचे नावच मांडलेले दस्तरखान असे आहे, त्या माइदामध्ये हजरत ईसांचे साथीदार आकाशातून वाढलेले ताट मागतात. आम्हाला त्यातून खायचे आहे, असे सरळ म्हणतात. त्यासाठी हजरत ईसा जी दुआ मागतात तिच्यात 'ईद' हा शब्द येतो. साऱ्या कुराणात तो तिथे एकदाच येतो. पोट भरणे आणि ईद होणे यांत फरक आहे, हे आम्हाला तिथे दिसले. दोन्ही अन्ने आकाशातलीच. एक रोज आपोआप पडणारे, एक सगळ्यांनी मिळून मागितलेले.

धाकट्याला हे सांगितले. तो म्हणाला, "अब्बा, मी अजून रानातच आहे. सकाळी सहाला निघतो, रात्री नऊला येतो." हेही खरे होते. त्याला रानात कुणी लोटले, हा प्रश्न डब्याला विचारून उपयोग नाही.

अम्माचे सांगायचे राहिले. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी सुनेने सुकट भाजली. तो वास घरभर गेला आणि अम्मा, जी दिवसभर डोळे मिटून असायची, तिने डोळे उघडून मान वळवली. डावा हात उचलून ती दाराकडे दाखवू लागली. डॉक्टरांची ताकीद होती की तोंडाने काही दिले तर ते छातीत उतरेल. आम्ही दार लावून घेतले. भाई म्हणाला, तिच्यासमोर खाणे हा जुलूम आहे, यापुढे स्वयंपाकघराचे दार बंदच ठेवा. आपा म्हणाली, तिच्यापासून लपून खाणे हा जुलूम आहे, तिला जिवंतपणी घराबाहेर काढल्यासारखे आहे. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होते. आम्हाला कोण बरोबर ते कळेना. डब्यावरच्या यादीत या गोष्टीचे खाते नव्हते. शेवटी सुनेने विचारले की हे तुम्ही अम्माजींनाच का विचारत नाही. विचारले. अम्माने डाव्या हाताने चादरीवर थोपटले. इथे बसा.

त्या दिवसापासून इफ्तार तिच्या खोलीत मांडली. खजूर, पाणी, मग भाकरी. तिची नळी त्याच वेळेला लावायची. पहिल्या दिवशी आम्ही सारे माना खाली घालून खात होतो, कुणी कुणाकडे बघत नव्हते. दुसऱ्या दिवशी अम्माने भाकरीच्या टोपलीकडे बोट केले. भाईने घाबरून आमच्याकडे पाहिले. आपाने टोपली तिच्या मांडीवर ठेवली. अम्माने भाकरी हातात घेतली, पण तोंडाकडे नेली नाही. ती चादरीवर दाबून तिने तिचा चतकोर मोडला आणि मग थबकली. आयुष्यभर तिने आम्हाला शिकवले होते की खाणे आणि देणे उजव्या हाताने. तिचा उजवा हात चादरीखाली पडून होता. तिने त्याच्याकडे पाहिले, मग डाव्यातल्या चतकोराकडे, आणि तो पदराखाली घेतला.

धाकटा त्या दिवशी लवकर आला होता, बाटली हातात घेऊन दारात उभा होता. त्याने बाटली खिडकीत ठेवली, सुनेचे ताट उचलले आणि दादीच्या पुढे धरून उभा राहिला.